पान धाकटीचं

दातांच्या कारखान्यात तिला सगळे मेणताई म्हणत. कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, एक भट्टी, एक घासायचं मशीन आणि या सगळ्यावर बसलेली प्लास्टरची पांढरी पूड. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं इथे पाठवत आणि इथून कवळ्या तयार होऊन जात. कवळीचे दात पक्के करण्याआधी गुलाबी मेणात लावून बघावे लागतात. ते काम तेवीस वर्षं तिच्याकडे होतं. दिव्यावर सुरी तापवायची, मेण मऊ करायचं, दात रोवायचा, मान मागे घेऊन बघायचं, पुन्हा उपटायचा. दिवसाकाठी दोन तोंडं झाली की ती खूश.

तिची एक खोड मात्र सगळ्या डॉक्टरांना ठाऊक झाली होती. ती दात सरळ रांगेत लावत नसे. पेशंटचा तरुणपणचा फोटो मागवायची, नाही मिळाला तर अडून बसायची, आणि मिळाला की भिंगाखाली धरून समोरचा एखादा दात केसभर वळवायची, सुळ्याची कड जराशी झिजवायची. एका नव्या डॉक्टरने 'दात वाकडा लागला आहे' अशी चिठ्ठी लावून काम परत पाठवलं. तिने त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'आजोबांचाही होता', आणि काम जसंच्या तसं धाडून दिलं. "सगळे दात प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे लावले की माणूस हसल्याबरोबर कळतं, हे आणलेले आहेत," असं ती म्हणायची. भट्टी सांभाळणारे भट्टीकाका यावर जोरात मान डोलवायचे. त्यांच्या तोंडातली कवळी तिनेच केलेली होती आणि ती कवळी आहे हे त्यांच्या सुनेलासुद्धा दोन वर्षं कळलं नव्हतं.

आता गंमत बघा. खोटं खरं दिसायला त्यात काय घालावं लागतं हे जिला इतकं नेमकं ठाऊक, तीच बाई घरी जाऊन, हातपाय धुऊन, फोन घेऊन बसली की नीलमणी लिहायची.

नीलमणी एका बचाव-जहाजावर डॉक्टर होती. वय वर्षं एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर कशी, असं विचारायचं नाही. ती तीन विषयांची डॉक्टर होती. तिचे डोळे निळे, रागावली की जांभळे आणि रडली की अश्रू चंदेरी. केस गुडघ्यापर्यंत, पण वादळात कधी गुंतत नसत. तिला तेरा भाषा यायच्या, त्यातल्या दोन देवमाशांच्या. जहाजाचा कप्तान, पहिला खलाशी, दुसरा खलाशी, स्वयंपाकी आणि दर भागात येणारा एक नवा खलनायक, सगळे तिच्यावर जीव टाकत आणि ती सगळ्यांना क्षमा करी. थोडक्यात, तिसऱ्या पानावर तिला उचलून समुद्रात टाकावंसं वाटेल अशी मुलगी. मेणताईने तिच्यावर दोनशे बारा भाग लिहिले होते आणि फोनवरच्या गोष्टींच्या ॲपवर तिला अकरा वाचक होते. अकराच, पण एकाचाही भाग चुकत नसे.

कारखान्यात याचा कुणाला पत्ता नव्हता. माहीत होतं जगात एकाच माणसाला, तिच्या धाकट्या बहिणीला. कारण नीलमणी मुळात दोघींची होती.

दोघी लहान असताना टीव्हीवर दर गुरुवारी बचाव-जहाजाची एक मालिका लागायची. टीव्ही खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. या दोघी जिन्याच्या पायरीवर बसून अर्धवट उघड्या दारातून बघत. एक दिवस मालिका मध्येच बंद पडली. कप्तान वादळात, जहाज कललेलं, आणि पुढच्या गुरुवारी त्या वेळेला चक्क गाण्यांचा कार्यक्रम. धाकटीने रडून घर डोक्यावर घेतलं. ती सात वर्षांची, मोठी तेरा. शेवटी मोठीने एक जाड वही काढली आणि म्हणाली, "गप्प बस. आपणच लिहू." नियम ठरला: एक पान मोठीचं, एक पान धाकटीचं. आपलं झालं की वही दुसरीच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "पान तुझं." दुसरीचं होईपर्यंत पहिलीने एक अक्षर पुढे लिहायचं नाही. खाडाखोड चालेल, पान फाडायचं नाही. आता याला फॅन फिक्शन असं नाव आहे. तेव्हा नाव नव्हतं, वही होती. नीलमणी मोठीने आणली, कारण कप्तानाला वाचवायला कुणीतरी हवंच होतं. देवमाशांच्या भाषा धाकटीच्या. जांभळे होणारे डोळेही तिचेच.

वही वर्षभर चालली. मग एका सकाळी आई धाकटीच्या वेण्या घालत होती. एक झाली, रिबीन बांधून झाली, दुसरीसाठी तिने केस हातात घेतले आणि ती तशीच बाजूला कलंडली.

दुपारी दोघी हॉस्पिटलातल्या बाकावर. आत ऑपरेशन चाललेलं, बाबा मालाचा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या अंतरावर, मावशी त्यांना फोन लावायला गेलेली. धाकटीचे एका बाजूचे केस मोकळे होते आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. पाणी नको, बिस्किट नको, दाराकडे डोळे लावून नुसती बसलेली. मोठीच्या दप्तरात वही होती आणि पान मोठीचं होतं. तिने तिथेच मांडीवर घेऊन ते लिहिलं. नीलमणीची आई आजारी पडते. तेरा देशांचे डॉक्टर येतात आणि माना हलवतात. नीलमणी आईचा हात हातात घेते, एक चंदेरी अश्रू आईच्या कपाळावर पडतो, आई डोळे उघडते आणि म्हणते, 'अगं, दुसरी वेणी राहिली ना तुझी?'

मोठीने ते वाचून दाखवलं, तेव्हा कुठे धाकटीने अर्धं बिस्किट खाल्लं. "पान तुझं," मोठी म्हणाली आणि वही तिच्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी आई गेली.

धाकटीचं पान काही आलं नाही. मोठीने पहिल्या वर्षी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. लहान आहे, खेळात विसरली असेल, अशी तिने आपली समजूत काढली. पुढे ती कारखान्यात चिकटली. धाकटी शिकली, आणखी शिकली, त्याच्याही पुढे शिकली आणि कॉलेजात साहित्य शिकवायला लागली. वही कपाटात राहिली. मोठीने फोनवर लिहायला घेतलं तेसुद्धा जहाज दुसऱ्या बंदराला लागल्यापासून, म्हणजे धाकटीच्या पानाची जागा मोकळी राहील. दोनशे बाराही भागांत नीलमणीची आई होती. ती फार काही करायची नाही. जहाजाच्या खालच्या खोलीत बसलेली असायची. वादळ शमलं की नीलमणी येऊन तिच्यापुढे बसायची आणि आई तिचे केस विंचरायची. अकरांपैकी एका वाचकाने एकदा कळवलं होतं, 'बाकीचं मी भराभर वाचतो. ही आई आली की सावकाश वाचतो.'

आठ महिन्यांपूर्वी धाकटीचा फोन आला. "ताई, आपली ती वही आहे का गं अजून? थोडे दिवस हवी होती मला."

मोठीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "आहे की! पान तुझंच आहे."

धाकटी हसली. "हो गं, माहितीये."

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, बत्तीस वर्षांनी आजच कशी आठवली वही? मोठीने विचारलं नाही. वही मागण्याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, आणि तो इतका आनंदाचा होता की त्याला बोट लावून बघायचीही तिला भीती वाटली. कारखान्यातल्या निळ्या जाड कागदाचं कव्हर घालून तिने वही नेऊन दिली. मग दर रविवारी फोनवर विचारायची, "झालं का पान?" धाकटी म्हणायची, "करते गं ताई, श्वास घ्यायला फुरसत नाही." मोठीला तेही पटायचं. तिने अकरा वाचकांना कळवून टाकलं, 'या कथेची सहलेखिका परत येत आहे. पुढचं पान तिचं.' आणि स्वतःचं लिहिणं थांबवलं. नियम म्हणजे नियम. दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारायचं, 'सहलेखिका आली का?' आणि ती लिहायची, 'येईल.' तिला त्या बहिणीकडून बाकी काही नको होतं. एक पान हवं होतं, बरंवाईट कसंही.

एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भट्टीकाकांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "ही तुमची बहीण ना? वाचनालयाच्या फळ्यावर दोन लावले होते, एक काढून आणला तुमच्यासाठी." कागदावर धाकटीचा फोटो होता, केस नेहमीसारखे कानापर्यंत कापलेले. खाली व्याख्यानाचा विषय: 'खोटी माणसं: हौशी कथांमधली आदर्श पात्रं'. शनिवारी दुपारी चार वाजता.

"तुम्हाला बोलली नाही होय?" काकांनी विचारलं.

"मला सुट्टी नसते ना, म्हणून नसेल बोलली." मेणताईने कागदाची नीट घडी घातली. आदर्श पात्रं म्हणजे नीलमणी, हे तिच्या लगेच लक्षात आलं. धाकटी आपल्याबद्दल बोलणार. वहीबद्दल बोलणार. मग पान झालंच असणार! आपल्याला चकित करायचा तिचा बेत असेल, तर आपणच आधी जाऊन तिला चकित करावं, असं तिने ठरवलं.

शनिवारी अर्धी रजा टाकून, ठेवणीतले कपडे घालून ती भट्टीकाकांबरोबर वाचनालयात पोचली. हॉल गच्च भरलेला. ती मुद्दाम खांबाच्या आडोशाला बसली, आपल्याला बघून धाकटी अडखळायला नको म्हणून. धाकटी बोलायला उभी राहिली आणि मोठीला भरून आलं. काय बोलत होती! कागद नाही, खाकरणं नाही, दोनशे माणसं तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर. मग तिने पिशवीत हात घातला आणि वही काढली.

"ही वही मला एका रद्दीच्या दुकानात मिळाली," धाकटी म्हणाली.

मोठीला वाटलं, मग ही दुसरी कुठली तरी असेल. पण कव्हर निळं होतं आणि कोपऱ्याला तिचाच मेणाचा डाग होता.

धाकटी वाचायला लागली. गुडघ्यापर्यंतचे केस आले, लोक हसले. जांभळे डोळे आले, आणखी हसले. देवमाशांच्या दोन भाषा आल्या तेव्हा मोठीलाही हसू फुटलं, कारण सात वर्षांची धाकटी बादलीत तोंड घालून ती भाषा बोलून दाखवायची ते तिला आठवलं. "या मुलीला भूक लागत नाही, झोप येत नाही, हिचा कधी दात दुखत नाही," धाकटी सांगत होती. "जिचं काहीच दुखत नाही, तिच्यासाठी आपलं काय दुखणार?" मोठीने मान डोलवली. खरंच होतं ते. दातांच्या बाबतीत तीही हेच सांगत आली होती. तिला फक्त एवढंच वाटत होतं की आता ही रद्दीच्या दुकानाची थट्टा संपेल. आता ती म्हणेल, ही वही माझी आणि माझ्या ताईची.

"आणि आता या वहीतलं माझं सगळ्यात लाडकं पान," धाकटी म्हणाली.

तिने आजारी आई वाचली. तेरा देशांचे डॉक्टर वाचले. चंदेरी अश्रू वाचला. मग वही जराशी खाली घेतली. "मरणाच्या दारातून परत आलेली बाई. डॉक्टर तोंडात बोटं घालून उभे. आणि ही बाई पहिलं वाक्य काय बोलते?" ती थांबली, साऱ्या हॉलवरून तिने नजर फिरवली. "'अगं, दुसरी वेणी राहिली ना तुझी?'"

सगळा हॉल खो-खो हसत सुटला. पुढच्या रांगेतल्या एका बाईला ठसका लागला. भट्टीकाका डोळे पुसत म्हणाले, "काय लिहितात हो एकेक!" आणि मेणताईकडे बघून तोंड भरून हसले. ती वेणी कुणाची होती हे त्या दोनशे माणसांत दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक ते वाचत होती.

मोठीला आधी लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची चीड आली. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कुणी लिहिलं असेल हो हे?" धाकटी म्हणाली, "कुणास ठाऊक. असेल कुणीतरी एकटी मुलगी." तेव्हा मोठी उठली. खुर्ची करकरली. धाकटीने तिकडे बघितलं आणि तिचं पुढचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. मोठीने काकांना सांगितलं की पोट बिघडलंय, आणि ती बाहेर पडली.

रविवारी सकाळी धाकटी आली. एका हातात वही, दुसऱ्या हातात केकचा डबा. मोठीने दार उघडलं, बाजूला झाली नाही.

"रद्दीच्या दुकानात?"

"ताई, आत तर येऊ दे."

"ये."

धाकटी येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. "मी कुणाचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली.

"तेच विचारतेय. का नाही घेतलंस?"

"तुला लोकांसमोर लाजवायचं नव्हतं मला."

"मला, की तुला?"

धाकटीने डबा मांडीवर घेतला. मग जरा वर्गातल्या आवाजात म्हणाली, "लिखाण वाईट आहे, ताई. तुलाही माहितीये ते."

"माहितीये की! मी कधी म्हटलं चांगलं आहे? डोळ्यांना हस, केसांना हस, देवमासे तर तुझेच होते, त्यांना पोटभर हस. लोकांना आईवर का हसवलंस?"

धाकटीने केकच्या डब्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"ते पान वाचून दाखवलंस तेव्हा मी तुला काय विचारलं होतं, आठवतं?"

"काय?"

"मी विचारलं, खरंच? आणि तू म्हणालीस, वहीत लिहिलंय म्हणजे खरंच."

मोठीला नव्हतं आठवत. पण ती तसं म्हणाली असणार, हे तिला लगेच कळलं.

"मग सगळे रडायला लागले," धाकटी म्हणाली. "मावशी मला जवळ घेत होती आणि मी तिला ढकलत होते. मला वाटत होतं, यांना काही माहीतच नाही, यांनी वही कुठे वाचलीये? आठ दिवस मी तशीच एक वेणी ठेवून बसले, ताई. आई येऊन दुसरी घालणार म्हणून. तू सोडवायला आलीस तर चावले तुला."

मोठीच्या डाव्या मनगटावर अजून बारीक खूण होती, मधल्या पडलेल्या दाताच्या फटीसकट. आई गेल्याच्या दुःखात पोर चावली, असं ती बत्तीस वर्षं समजत आली होती.

"आधी तू फसवलंस मला," धाकटी म्हणाली.

"चौदा वर्षांची होते मी, छकू."

"आणि मी आठ."

समोर बसलेली कापलेल्या केसांची बाई तिला एकदम त्या बाकावर दिसली, आणि राग कुठल्या कुठे गेला. आपण त्या लेकराला खोटं सांगितलं, आणि ती त्या खोट्याच्या आधाराने आठ दिवस बसून राहिली.

"चार ठिकाणी वाचलंय मी ते पान," धाकटी खाली बघून सांगत होती. "पहिल्यांदा वाचताना आवाज फुटेना. लोकांना वाटलं, मी हसू दाबतेय, आणि तेच आधी हसले. ते हसले आणि मला एकदम हलकं वाटलं, ताई. वाटलं, एवढंच तर आहे, एक वाईट लिहिलेलं पान. काल तर आवाजसुद्धा अडला नाही."

चार ठिकाणी. मोठीने ते ऐकलं आणि तेही गिळलं. आठ महिने आपण पान झालं का म्हणून विचारत होतो तेव्हा ही कुठे होती, ते आता कळलं, तरी गिळलं. "चहा टाकते," ती म्हणाली आणि उठली. उठता उठता तिने वही हातात घेतली. बोटांना ते पान पाठ होतं, उघडलं तेच उघडलं.

चौदाव्या वर्षीचं आपलं गोल अक्षर तिने ओळखलं. वेणीच्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलने, धाकटीच्या सुबक अक्षरात, लिहिलं होतं: 'इथे थांबणे. हशा.' त्याखाली बरोबरच्या चार खुणा, ओळीने.

आणि समोरचं पान, बत्तीस वर्षं मोकळं ठेवलेलं, ते भरलेलं होतं. वरपासून खालपर्यंत व्याख्यानाचे मुद्दे. 'भूक नाही. दुखणं नाही. क्षमा: फुकटची.' तळाशी दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती, 'आई: पात्र नव्हे, नुसती सोय.'

मोठीने तिथेच उभं राहून ते दोनदा वाचलं. धाकटीच्या ध्यानात आलं तशी ती ताडकन उठली.

"अगं, ते... मोकळं पान होतं म्हणून सहज... पेन्सिल आहे, आत्ता खोडते. खोडरबर आहे का घरात? ताई, दे इकडे. खोडते आणि लिहिते मी माझं पान. आत्ता बसून लिहिते. शपथ."

"राहू दे," मोठी म्हणाली. "पान तुझंच होतं. लिहिलंस की."

तिने वही मिटली आणि कपाटात ठेवली. चहा केला, दोघींनी तो प्यायला, केक कापला नाही. जाताना धाकटी दारात रेंगाळली, आणि मग जिना उतरून गेली. मोठीने खिडकीतून बघितलं नाही.

सोमवारी भट्टीकाकांनी तिला हाक मारली. तिच्या टेबलावरच्या मेणात सगळेच्या सगळे दात सरळ रेषेत उभे होते. "मेणताई, आज एकही वळवला नाहीत?"

"आणलेलेच आहेत ना," ती म्हणाली. "कळू दे की." मग जरा वेळाने तिने सुरी तापवली आणि डावीकडचा एक दात वळवला, कारण ज्या आजींची कवळी होती त्यांनी तिचं काही वाईट केलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिने दोनशे तेरावा भाग लिहिला. कप्तान होता, वादळ होतं, देवमासेही होते. वादळ शमलं. खालच्या खोलीत नीलमणीची आई फणी घेऊन बसली. बराच वेळ बसली. वरून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. नीलमणी खाली आलीच नाही.

सावकाश वाचणाऱ्या त्या वाचकाने दुसऱ्याच दिवशी लिहिलं, 'हे तुमच्या सहलेखिकेने लिहिलं का? आमची नीलमणी अशी नव्हती.'

मोठीने बराच विचार करून उत्तर पाठवलं.

'मलाही तसंच वाटत होतं.'